उंची : केस आणि बूट वगळून

विषय : कपाटात उभे राहण्याची मुभा मिळणेबाबत.
संदर्भ : कपाटाची आतली उंची, अर्जदाराची उंची आणि या दोन्हींमधला फरक.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी एक बाहुली बोलतेय.

भाषा जरा कचेरीतली वाटली तर सांभाळून घ्या. ज्या घरात मी राहते तिथल्या बाईंनी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर काढली. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण अजूनही भाजीवाल्याला त्या "कालच्या टोमॅटोंच्या संदर्भात" अशी सुरुवात करून फैलावर घेतात. ज्याच्या संगतीत राहावं त्याची भाषा अंगाला लागते, आणि मला संगतीखेरीज दुसरं शिक्षण मिळालेलं नाही.

मी साधी बाहुली नव्हे. मान, खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे, माझा प्रत्येक सांधा गोल गोळ्यावर फिरतो. अशा बाहुलीला जगभर 'बॉल-जॉइंटेड डॉल' म्हणतात. बाई 'सांधेवाली' म्हणतात. बाईंचे यजमान 'तुझं ते' म्हणतात.

माझ्या अंगातून इलॅस्टिकची दोरी ओवलेली आहे. डोक्यातल्या हुकापासून ती निघते, पोटातून खाली येते, पायांत उतरते आणि परत वर जाते. माणसाला कणा असतो, मला ताण असतो. ताण आहे तोवर मी उभी राहते. बऱ्याच माणसांचंही तसंच असतं, पण ती मान्य करत नाहीत.

माझा जन्म एकदम झाला नाही, हप्त्याहप्त्याने झाला. एका कारखान्यात रबरी साच्यांत पातळ रेझिन ओतलं, त्यातून आधी माझे हात निघाले. मग धड. डोकं सगळ्यांत शेवटी, कारण पहिल्यांदा ओतलं तेव्हा त्यात बुडबुडा राहिला होता. डोक्यात हवा राहिलेली चालत नाही असा त्या कारखान्याचा कडक नियम होता. पुढे माणसांत राहायला आल्यावर मला त्या नियमाचं फार कौतुक वाटलं.

तिथे सांधे घासणारी एक बाई होती. घासून झालं की ती प्रत्येकीला भिंतीवरच्या पोलादी पट्टीला टेकवून उभी करायची. मला टेकवलं आणि म्हणाली, "त्रेचाळीस. पावातली." म्हणजे माणसाच्या पावपट. त्रेचाळीस सेंटिमीटरला चारने गुणा, चांगली उंच बाई होते.

शेजारी नवीन लागलेली एक मुलगी होती. तिने विचारलं, "केस लावल्यावर मोजायचं ना?"

"केस उंचीत धरत नाहीत. बूटही नाहीत. टाच ते टाळू, एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "केसांचा काय भरवसा? आज आहेत, उद्या मालकांसारखं."

मालक मागेच उभे होते. त्यांनी टाळूवरून हात फिरवला आणि पुढे गेले. दोघींनी दिवसभर मान वर केली नाही.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की माझा सगळा खटला या एका वाक्यावर उभा आहे. उभा म्हणजे बोलण्यापुरता. मी बसलेली आहे.

पुढे खोक्याच्या बाजूला उंची छापली गेली, त्रेचाळीस. केस आणि बूट त्यात नाहीत हे छापायला जागा नव्हती. 

बाईंच्या घरी माझ्याआधी दोघी आलेल्या होत्या. एक थोरली, एकतृतीयांश मापाची, साठ सेंटिमीटरची. ती खिडकीजवळच्या ट्रंकेवर मोकळी उभी असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे तुच्छतेने बघते. दुसरी धाकली, सहाव्या हिश्शाची, जेमतेम वीतभर. ती शिवणाच्या डब्यात राहते आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसते. मी मधली. मधल्या लेकीचं घरोघरी जे होतं ते माझं झालं. थोरलीला मान, धाकटीला लाड आणि मधलीला शिस्त.

शेजारीण एकदा नाक मुरडून म्हणाली होती, "या वयात बाहुल्या?"

"तुम्ही या वयात सुनेशी खेळता," बाई म्हणाल्या, "त्यापेक्षा बरं. माझ्या बाहुल्या रडत नाहीत."

शेजारीण पुन्हा त्या विषयावर आली नाही.

आता यजमानांबद्दल. ते आरेखक होते, म्हणजे ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढायचे. टेबलाएवढा कागद, टोक केलेली पेन्सिल आणि तिरपा फळा, यावर त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या हातचा जिना म्हणे आंधळ्याने उतरावा. मग कचेरीत संगणक आले. तिरपे फळे जिन्याखाली गेले आणि आरेखकांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तशात डोळ्यांत मोतीबिंदू. निवृत्तीआधीचे त्यांचे शेवटचे नकाशे लाल पेन्सिलीची वर्तुळं घेऊन परत आले. एका पोराच्या वयाच्या साहेबाने ती वर्तुळं काढली होती, आणि त्यातली बहुतेक बरोबर होती. दुखणं तेच होतं. चुकीचं वर्तुळ असतं तर माणूस भांडून मोकळा झाला असता.

निवृत्त झाल्यावर ते घरात पाहुण्यासारखे वावरायला लागले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण बघायला काही नव्हतं. पेपर वाचायचे, घडी घालायचे, घडी तपासायचे. बाई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "अहो, ऐकलं का?" तर "हो" एवढंच. विचारलेलं काय होतं ते कळायच्या आधीच "हो".

मी आले त्या दिवशी बाई माझं खोकं उघडत होत्या. माझा रंग हस्तिदंती. धूळ बसली की काळवंडतो आणि ऊन लागलं की पिवळा पडतो. बाई स्वतःशीच म्हणाल्या, "हिला काचेत ठेवायला हवं बाई."

पेपर खाली आला.

"मी करतो," आरेखक म्हणाले.

बाईंनी इतक्या सावकाश मान वर केली की जणू खिडकीत पाखरू बसलं होतं. "काय करता?"

"कपाट. काचेचं. उंची सांग."

बाईंनी खोक्याची बाजू फिरवली आणि वाचलं, "त्रेचाळीस."

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की दोघंही वेडी होती. मी समोर पडले होते. टेप ड्रॉवरमध्ये होती. कुणीही उठून मोजू शकलं असतं. पण आरेखकांच्या धंद्याचा एक धर्म असतो. नकाशावर पट्टी टेकवून माप घ्यायचं नाही. कागद आक्रसतो, फुगतो, छापताना हलतो. खरं माप ते लिहिलेलं माप. आकडा लिहिलेला असताना जो पट्टी काढतो तो शिकाऊ. आरेखकांनी जन्मभर हे पाळलं होतं. खोक्यावर आकडा लिहिलेला होता. त्यांनी पट्टी काढली नाही.

आणि बाई आवक-जावकच्या. आलं ते जसं आलं तसं पुढे पाठवायचं, स्वतःचा शेरा मारायचा नाही, हे त्यांचं व्रत. खोक्यावर त्रेचाळीस आलं, त्यांनी त्रेचाळीस पाठवलं.

दोन निष्कलंक नोकऱ्या एकत्र आल्या आणि मी अडकले.

पण ते दिवस चांगले होते, हे कबूल केलं पाहिजे. घरी आणून जिन्याखाली ठेवलेला फळा वर आला. आरेखकांनी पेन्सिलीला टोक केलं, टोकाकडे उजेडात बघितलं, पुन्हा केलं. समोरून, बाजूने, वरून असे तीन नकाशे काढले. त्रेचाळीस, अधिक मोकळीक एक, आतली उंची चव्वेचाळीस. लाकूड आणलं, घासलं, पॉलिश केलं. घरात भुशाचा वास आला आणि दोन वेळच्या जेवणात बोलणं आलं. एकदा तर ते शीळ वाजवत होते. बाई हातातलं ताट तसंच धरून दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. माझ्या डोक्यावर तेव्हा केस नव्हते, पायांत बूट नव्हते. ते वेगळ्या पार्सलने यायचे होते. दैव असं पार्सल वेगवेगळं पाठवतं.

कपाट झालं. देखणं झालं, खोटं कशाला बोलू. पुढची काच खाचेत सरकवून वर लाकडी पट्टी ठोकायची आणि गोंदाने बुजवायची, म्हणजे धुळीचा कण आत येणार नाही, अशी योजना. आरेखक हात धुवायला गेले आणि म्हणाले, "तोवर तू तिला उभी कर."

बाईंनी मला सजवलं. तपकिरी कुरळा विग, उंच टाचांचे बूट. आणि आत उभं करायला गेल्या.

ठक्.

बाईंनी मला बाहेर घेतलं, पुन्हा आत घातलं. ठक्. माझं कपाळ छताच्या कडेला लागत होतं. टाच आणि विग धरून मी अठ्ठेचाळीस झाले होते. बाईंनी बूट काढले, विग काढला. मी आत गेले, अगदी मापात, बोटभर मोकळीक ठेवून. टक्कल आणि अनवाणी. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तर बघतच होते, मला पापण्या नाहीत. मोरीत नळ वाहत होता आणि आरेखक शीळ वाजवत होते.

नळ बंद झाला. बाईंनी विग घातला, बूट चढवले, माझे गुडघे मोडले आणि मला आत बसवलं.

"हे काय? बसवलीस?" आरेखक पंच्याला हात पुसत आले.

"बसायला आवडतं तिला," बाई म्हणाल्या.

"तिला?"

"मला. बसलेली शोभते. उभं राहून काय, पाहुणी आहे का ती?"

आरेखकांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. एक डोळा मिटून बघितलं. मग काच सरकवली, पट्टी ठोकली, गोंद भरला, आणि काचेवरून मऊ फडकं फिरवत म्हणाले, "चला. हे एक तरी परत आलं नाही."

बाई "चहा टाकते" म्हणून आत गेल्या. बराच वेळ चहा झाला नाही.

तेव्हापासून मी बसलेली आहे.

वाचणाऱ्याला वाटेल, बसायला काय होतं? माणसं तर बसण्यासाठी भांडतात. पण माणूस बसला की सैल पडतो. आम्ही बसलो की ताणले जातो. गुडघा मोडला की दोरी गोळ्यावरून वळसा घेते, ताण वाढतो. असं फार दिवस राहिलं की इलॅस्टिक दम सोडतं. एकदा दम सोडला की छत आभाळाएवढं उंच केलं तरी मी उभी राहणार नाही, कपड्यांच्या ढिगासारखी कोसळेन. हाच माझ्या अर्जातला तातडीचा मुद्दा आहे.

काचेतून मला खोली दिसते ती तुकड्याने. खिडकीची उजवी बाजू, घड्याळाचा खालचा अर्धा भाग, ट्रंकेवर थोरलीचे बूट आणि पोटऱ्या. तिचं तोंड मला दिसत नाही. ती बाकी मला पूर्ण बघते. वर छत आहे, विगच्या वर वीतभर मोकळं. बसलेलीला ती जागा फार वाटते आणि उठणारीला कमी पडते.

आमच्या जातीचा एक गुण आहे. ताणून बसवलं की कधीतरी, कुणी हात न लावता, गुडघा आपोआप सरळ होतो. झटकन. जाणकार याला लाथ मारणं म्हणतात. माझी पहिली लाथ दुपारी बसली. बूट काचेवर आपटला. टक्.

"उंदीर," आरेखक पेपरामागून म्हणाले.

बाई शिवत होत्या. त्यांचा हात थांबला. "असेल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या तक्रारीची दखल घेऊन कपाटाखाली उंदराचा पिंजरा लावण्यात आला. एक अडकलेली असताना दुसऱ्याला अडकवायची व्यवस्था, हे मला पुष्कळ कचेऱ्यांतल्या कारभारासारखं वाटलं. उंदीर सापडला नाही, कारण उंदीर नव्हता. पण पिंजरा राहिला. एकदा लागलेली गोष्ट या घरात काढत नाहीत.

बाई रोज काच पुसायच्या. बाहेरून. पुसताना माझ्या गुडघ्यांपाशी त्यांचं फडकं जरा रेंगाळायचं. आलेगेले विचारायचे, "ही नेहमी बसलेलीच?" बाई म्हणायच्या, "तिला आवडतं." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं की पुढे पुढे मलाच शंका यायला लागली. आपल्याला खरंच आवडत असेल आणि आपल्याला कुणी सांगितलं नसेल!

मग भाची आली.

ही बाईंच्या बहिणीची मुलगी. चष्म्याच्या दुकानात काम करते, सबंध दिवस लोकांना "आता नीट दिसतंय का?" विचारते. तिला मावशीचं बघून सांधेवाल्यांचा नाद लागला होता आणि तिने स्वतःच्या हिमतीने पहिली बाहुली आणली होती. आली ती पिशवी पोटाशी धरून, चप्पल काढायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"मावशी, तुझ्या बसकीची बहीण आणली. त्रेचाळीसच आहे, मुद्दाम बघून घेतली. आता हिचे कपडे तिला, तिचे बूट हिला. तू शिवलेलं सगळं मला वापरता येईल."

"मुद्दाम बघून काय घेतलंस?"

"उंची!"

बाईंनी पिशवीतून बाहुली काढली आणि माझ्या काचेसमोर टेबलावर उभी केली. खरोखर माझ्याएवढीच होती. पण डोकं माझ्या दीडपट, गाल फुगलेले, पोट पुढे, पावलं भरलेली. शाळेतली पोर होती ती. मी तिच्यासमोर तिची मास्तरीण शोभले असते.

भाचीने धाकलीच्या डब्यातून माझा एक जुना बूट काढला आणि पोरीच्या पायात घालायला लागली. बूट अर्ध्यावर अडला. जोर केला. मग त्याच डब्यातला माझा जादा विग घातला. तो टाळूवर पापडासारखा तरंगत राहिला.

"असं कसं? उंची तर सारखी आहे."

"उंची सारखी आहे, माणूस सारखं आहे का?" बाई म्हणाल्या. "बस इथे. हे बघ. आत बसलीय ती माणसाच्या पावपट. चारने गुण."

भाचीने मोबाइल काढला.

"तोंडी कर गं. एकशे बहात्तर. म्हणजे वाढलेली बाई, तुझ्यामाझ्यापेक्षा उंच. ही तुझी आहे एकतृतीयांश. तीनने गुण. एकशे एकोणतीस. म्हणजे शाळेतलं पोर. माप एक, पट वेगळी. बाई लहान करून त्रेचाळीसवर आणली काय आणि पोर लहान करून त्रेचाळीसवर आणलं काय, पट्टीला फरक कळत नाही. बुटाला कळतो."

"मग नुसती उंची विचारून उपयोग नाही?"

"लग्नाला नुसतं वय विचारतात का?"

भाची हसली. "मग काय काय विचारायचं?"

बाई रंगात आल्या. आयुष्यभर कुणी त्यांना टेबलावरून काही समजावून सांगायला सांगितलं नव्हतं. लोक कागद पुढे करायचे आणि पोच मागायचे. "पट विचारायची, तिसरी की पाव की सहावी. मग बाई आहे की पोर, की तो नव्या चालीचा काटकुळा प्रकार. डोक्याचा घेर विचारायचा, विग त्यावर येतो. डोळा किती मिलिमीटरचा, हे तर तुला दुकानात रोजचंच. पावलाची लांबी. आणि छाती-कंबर, कारण पावातल्या दोघींचे कपडेसुद्धा एकमेकींना होतील असं नाही. आणि घरी आणल्यावर हिला कुठे ठेवणार त्याची उंची घेताना तर फारच जपायचं, कारण कंपनी जी उंची देते ना, ती टकलाची आणि अनवाणी. केस, टाच, काही धरत नाहीत. छापील त्रेचाळीस म्हणजे उभी केल्यावर सहज अठ्ठेचाळीस. मोजल्याशिवाय कपाट करायला गेलीस तर..."

बाई थांबल्या.

खिडकीपाशी पेपर खाली आला होता.

भाचीला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि दुकानातल्या सवयीने मोकळेपणाने म्हणाली, "अय्या, म्हणून ही बसलेली असते?"

आणि त्याच क्षणी, मी शपथेवर सांगते की ठरवून नव्हे, माझा गुडघा सुटला.

टक्.

आरेखक उठले. ड्रॉवरमधून पोलादी पट्टी काढली. काचेसमोर वाकले. पट्टी आधी छताला लावली, मग तळाला. नंतर काचेतून माझ्या टाचेकडे बघितलं, विगकडे बघितलं. तोंडातल्या तोंडात बेरीज केली.

"उंदीर नव्हता," ते म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"तुम्ही हात धुवायला गेला होता तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी फडकं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "शीळ वाजवत होता तुम्ही."

भाची पोरीच्या पायातला बूट काढण्यात एकदम गर्क झाली.

आरेखकांनी पट्टी काचेवरून काढली नाही. "लाल वर्तुळ काढायचं होतंस," ते म्हणाले. "मला सवय होती."

"म्हणूनच नाही काढलं."

"इतके दिवस ती गुडघे मोडून बसलीय. माझ्यासाठी."

"तिला कुणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "मलाही कुणी विचारलं नव्हतं. चालतं तसं."

हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की काच फक्त माझ्यापुढे नाही. बाईही त्या दिवशी त्याच कपाटात गुडघे मोडून बसल्या होत्या, माझ्या शेजारी, त्याच छताखाली. फक्त त्यांना अधूनमधून स्वयंपाकाला बाहेर सोडत होते.

भाचीने वातावरण हलकं करायला म्हटलं, "काका, एवढं काय त्यात? पेचकस द्या, पट्टी उचकटते. आत्ता उभी करू. फार तर काच जाईल."

"काच जाईल?" आरेखक एवढ्या जोरात म्हणाले की टेबलावरची पोर हलली. "गोंद भरलाय तो मी! काच जाईल म्हणे. ती पट्टी निघायची नाही, लाकूड फाटेल. वरचं फळकंच काढायला लागेल. छत उचलायचं." आणि मग अगदी वेगळ्या आवाजात, जणू कुणी त्यांना काही दिलं होतं, "छत उचलता येईल."

बाईंनी भाचीकडे बघून डोळ्यांनीच 'गप्प' म्हटलं.

"अगं, फळा कुठे आहे?"

"जिन्याखाली."

"आणि या खेपेला सगळी मापं नीट दे. विगची जाडी. टाच. दुसरे बूट आहेत का हिला? त्यांचीही टाच. टोपी घालणार असशील तर टोपी."

"टोपी आहे एक," बाई म्हणाल्या. टोपी नव्हती. त्या संध्याकाळी त्या शिवायला बसल्या.

त्या दिवसापासून फळा खिडकीत उभा आहे. छत उचलण्याचा नकाशा झाला. मग आरेखकांच्या लक्षात आलं की नुसतं छत उचललं तर कपाट नळकांड्यासारखं दिसेल, रुंदीही वाढवायला हवी. रुंदी वाढली तेव्हा थोरलीने बूट हलवले असं मला वाटलं, पण ते वाऱ्याने असेल. दुसरा नकाशा झाला. मग बाई म्हणाल्या, "उद्या हिचा विग बदलला, उंच अंबाडा घातला तर?" अंबाड्याचा तिसरा नकाशा झाला. भाची रविवारी येते आणि पोरीला आणते. तिने विचारलं, "तिलाही आत जागा होईल का?" म्हणून आता दोघींचा नकाशा चालू आहे. त्यात पट वेगळी असल्याने खुर्च्या वेगवेगळ्या मापाच्या लागणार आहेत. खुर्च्यांचे नकाशे अजून सुरू व्हायचे आहेत.

पेन्सिलीला टोक करण्याचा आवाज रोज येतो. शीळही येते. बाई चहा घेऊन फळ्यापाशी जातात, कागदावर वाकतात आणि काहीतरी शंका काढतात. शंका काढताना त्या माझ्याकडे बघत नाहीत. एकदाच बघितलं, आणि ओठ जरासे हलवले. 'थोडं थांब' असं काहीसं होतं ते. मला ओठ वाचता येतात, पण काचेतून सगळं पुसट दिसतं.

मी कुणावर आरोप करत नाही. आधी मी एका माणसाचा मान राहावा म्हणून बसले, आता त्याचं काम चालू राहावं म्हणून बसले आहे. दोन्ही कारणं उत्तम आहेत. उत्तम कारणांनी बसलेल्याचाही गुडघा दुखतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

नव्याने बाहुल्या जमवू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे. आमची पट विचारा. डोक्याचा घेर, पावलाची लांबी, डोळ्याचं माप विचारा. आणि आकडा लिहिलेला असला तरी, तुमच्या धंद्याचा धर्म काहीही सांगो, एकदा टेप काढा. केसांसकट, बुटांसकट, उभं करून मोजा. जिवंत माणसालाही तसंच मोजायला हरकत नाही.

माझा दम आता कमी झाला आहे. लाथ पूर्वीसारखी झटकन बसत नाही. मी ती जपून ठेवते, आणि अगदी राहवलं नाही तरच सोडते. हल्ली तिचा आवाज टक् असा येत नाही, बोटाने कागद टोचल्यासारखा येतो. पण आरेखकांना ऐकू येतो. पिंजरा त्यांनी स्वतः उचलून माळ्यावर टाकला आहे. लाथ बसली की ते फळ्यावरून मान न वळवता म्हणतात,

"हो, हो. घेतलंय हातात."

सद्यस्थिती : नकाशा दुरुस्तीत आहे. लाकूड यायचं आहे. अर्जदार बसून आहे. अर्ज प्रलंबित.